छोट्या टर्बोजेटला एकच मॉडेल का पुरत नाही

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात मे महिन्यात घेतलेल्या चाचण्यांवरून फर्स्ट ऑर्डर मॉडेल (एकाच टाइम कॉन्स्टंटचं साधं मॉडेल) बसवलं, त्यावरचा पीआय कंट्रोलर (वेगातली चूक आणि तिची साठत गेलेली बेरीज बघून इंधन ठरवणारा) वरच्या आरपीएमला छान चालतो, पण आयडलला, म्हणजे इंजिनाच्या किमान वेगाला, वेग सारखा वरखाली होतो.

ट्यूनिंग करत बसू नका, मॉडेल बदला. आयडलला रोटरचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे इंधन बदलल्यावर वेग जुळायला लागणाऱ्या वेळेचं माप, पूर्ण वेगापेक्षा कितीतरी पट मोठा असतो, त्यामुळे वरच्या वेगासाठी ठरवलेला इंटिग्रल गेन (साठलेल्या चुकीला दिलेलं वजन) खाली जड जातो. मांडणी अशी करा: वेगवाढीचा दर म्हणजे 'के' गुणिले (प्रत्यक्ष इंधन वजा तोच वेग टिकवायला लागणारं इंधन). आठ-दहा वेगांवर दोन-तीन मिनिटं थांबून स्थिर इंधनाची रेषा काढा. केसिंग तापेपर्यंतचे आकडे सोडून द्या. मग प्रत्येक वेगावर इंधनाच्या ५ टक्क्यांच्या स्टेप (एकदम केलेले बदल) द्या, चढत्या आणि उतरत्याही, आणि तिथला 'के' काढा. 'के' आणि त्या रेषेचा उतार यांच्या गुणाकाराचा व्यस्त म्हणजे तिथला टाइम कॉन्स्टंट.

इंधन म्हणून पंपाचं व्होल्टेज घेऊ नका, फ्लो मीटरचा आकडा घ्या. कमी व्होल्टेजला पंप अडखळतो आणि तो दोष रोटरच्या माथी जातो. ईसीयू (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) वेग सांभाळत असताना घेतलेला डेटाही फसवतो, त्यात इंजिनाबरोबर कंट्रोलरही मिसळलेला असतो. स्टेप ओपन लूपमध्येच, म्हणजे वेगाचा कंट्रोलर बंद ठेवून, द्या. ओव्हरस्पीड आणि ईजीटीचं (एक्झॉस्ट गॅसच्या तापमानाचं) कटऑफ मात्र चालूच हवं.

सगळ्यात जास्त घोळ टॅकोत, म्हणजे वेग मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, होतो. फेरीला एक पल्स असेल आणि २० मिलिसेकंदांत पल्स मोजत असाल, तर एका पल्सचा फरक म्हणजे ३००० आरपीएम. वेगवाढीसाठी असल्या सिग्नलचा डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) घेऊन हाती काहीच लागत नाही. दोन पल्समधला वेळ मोजा, आणि फिल्टर पुढून-मागून असा दोन्ही बाजूंनी फिरवा, म्हणजे फेज सरकत नाही, सिग्नल उशिरा दिसत नाही.

आता नागपूरचं ऊन. थीटा म्हणजे हवेचं केल्व्हिनमधलं तापमान भागिले प्रमाणित तापमान, डेल्टा म्हणजे तसंच दाबाचं गुणोत्तर. ४५ अंशांना थीटाचं वर्गमूळ १.०५ येतं, म्हणजे करेक्टेड आरपीएम (प्रमाणित हवेला आणलेला वेग) मोजलेल्यापेक्षा सुमारे ५ टक्के कमी. डेल्टासाठी विमानतळाचं क्यूएनएच (तिथे जाहीर होणारा हवेचा दाब) वापरू नका, ते समुद्रसपाटीला आणलेलं असतं. सुमारे ३१० मीटर उंचीवर खरा दाब त्याहून ३५ हेक्टोपास्कलच्या आसपास कमी भरतो. बॅरोमीटर टेस्ट स्टँडजवळच ठेवा. वेगवाढीचा दर डेल्टाने भागा, इंधन डेल्टा आणि थीटाच्या वर्गमुळाने. हे न करता बसवलेला गेन डिसेंबरच्या सकाळी चुकतो.

गेन शेड्यूल, म्हणजे कोणत्या वेगाला कोणता गेन याचा तक्ता, करेक्टेड आरपीएमवरच बांधा. शेवटी, मॉडेल बसवताना न वापरलेला आयडल ते पूर्ण वेगाचा एक रन मॉडेलवर चालवून बघा. मॉडेल सुरुवातीलाच खऱ्या इंजिनाच्या पुढे पळत असेल तर पंपाचा डेड टाइम (इंधन वाढायच्या आधीचा उशीर) धरायचा राहिलाय. मधेच पुढे गेलं, तर बहुधा थंड धातूने खाल्लेली उष्णता धरलेली नाही.