सर्राच्या परजीवीतील जनुके शोधताना

कोल्हापूर परिसरातील म्हशींच्या रक्तातील ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीची, म्हणजे जनावरांना सर्रा हा आजार देणाऱ्या एकपेशीय परजीवीची, जनुके शोधण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला, कारण ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये ओळखलेल्या या परजीवीकडे त्याच्या आफ्रिकी भाऊबंदाच्या, म्हणजे ट्रिपॅनोसोमा ब्रुसीच्या तुलनेत फारच कमी लक्ष दिले गेले आहे.

नमुना पशुवैद्यकांकडूनच आणि रीतसर परवानगीने घ्यावा. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसले तरी पांढऱ्या पेशींत ते, आणि त्यात म्हशीचा डीएनए, असतो. त्यामुळे डीईएई सेल्युलोजच्या (रक्तपेशी अडकवून परजीवींना पुढे जाऊ देणाऱ्या पदार्थाच्या) स्तंभातून रक्त गाळून परजीवी वेगळे केले नाहीत, तर हाती येणारे बहुतेक जनुकीय क्रम (डीएनए-आरएनएतील घटकांची मांडणी) म्हशीचेच असतील.

खरी सोय पुढे आहे. या जीवाच्या जवळजवळ प्रत्येक संदेशवाहक आरएनएच्या (जनुकातील माहितीच्या प्रतीच्या) आरंभी ३९ न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे आरएनएच्या ३९ घटकांचा, एकच ठरावीक तुकडा जोडलेला असतो. त्यावर बेतलेला प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारा छोटा तुकडा) वापरल्यास म्हशीचा आरएनए आपोआप बाजूला राहतो आणि जनुकाची सुरुवातही नेमकी कळते. मर्यादित निधीत काम करणाऱ्याने ही पद्धत आधी आजमावावी, असे माझे ठाम मत आहे.

मिळालेले क्रम ब्रुसीच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोमशी (संपूर्ण जनुकीय आराखड्याशी) ताडून पाहा. जुळणी न झालेले क्रम टाकून देऊ नका. ते आधी म्हशीच्या जीनोमशी पडताळा, मग परजीवीच्या पृष्ठभागावरील बदलत्या प्रथिनांच्या जनुकांशी. कायनेटोप्लास्टच्या, म्हणजे परजीवीच्या मायटोकाँड्रियातील डीएनएच्या, मॅक्सिसर्कल नावाच्या मोठ्या कड्यांवरील जनुके मात्र सापडली नाहीत तर प्रयोग फसला असे समजू नका, कारण या परजीवीने ही कडी गमावलेली आहेत.