शिकवणी चालते, मग मैदान का नाही?

साथ जोरात असली की आईबापांचा एक प्रश्न हमखास येतो. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा आहे, मित्रांकडे जायचं म्हणतो. पाठवलं तर दुखणं घरात येईल ही भीती, नाही पाठवलं तर तो खोलीत कोंडून घेतो. करायचं काय? करोनाची दोन वर्षं हा प्रश्न घेऊन नागपुरातली कितीतरी घरं समुपदेशनासाठी माझ्याकडे आली. अजूनही फ्लूचे रुग्ण वाढल्याची बातमी आली की फोन सुरू होतात. उत्तर म्हणून एका घराची हकीकत सांगते. नावं देत नाही आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

२०२१ चा जून संपत आला होता. एप्रिलची लाट ओसरली होती. महिन्याच्या सुरुवातीला निर्बंध सैल झाले आणि महिनाअखेरीस डेल्टा प्लस या करोनाच्या नव्या प्रकाराच्या धास्तीने पुन्हा आवळले गेले, दुकानं दुपारी चारला बंद. मानेवाड्याकडचं हे कुटुंब. आई बँकेत, बाबा हिंगण्याच्या एमआयडीसीत, घरी सत्तरी ओलांडलेली आजी, तिला मधुमेह. आजीने लशीचा पहिला डोस एप्रिलच्या मध्यात घेतला होता. मे महिन्यात कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं आणि तिचा दुसरा डोस जुलैवर गेला. आईच्या जिवाला घोर होता तो त्याचा.

मुलगा दहावीचा. म्हणजे दहावीचा तरी कसा म्हणायचा! परीक्षा एप्रिलमध्येच रद्द झाली होती, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागायचा होता, अकरावीसाठी सीईटी होणार की नाही याचा पत्ता नव्हता. वर्षभर ज्या परीक्षेच्या नावाने घर धाकात राहिलं ती झालीच नाही. ना निरोप समारंभ, ना शेवटचा पेपर सुटल्यावरचा तो दंगा. शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाली ती त्याच्यासाठी उघडलीच नाही म्हटलं तरी चालेल.

"मॅडम, हा पोट्टा ऐकूनच नाही राहिला," बाबांनी सुरुवात केली. "नोट्स आणायला चाललो म्हणून निघाला अन् गेला फुटाळा तलावावर. दुसऱ्याच्या स्टेटसवर फोटो दिसला म्हणून आम्हाला कळलं."

शिक्षा म्हणून मोबाईल काढून घेतला होता. तेव्हापासून मुलगा ताट खोलीत नेऊन जेवत होता, पहाटे चारला झोपत होता आणि विचारलेल्याला 'हं' आणि 'नाही' एवढीच उत्तरं देत होता.

दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून, सगळे मास्क लावून बसलो होतो. मास्कमधून चेहरा वाचायची सोय नसते, त्यामुळे मी मुलाच्या हातांकडे बघत होते. बाबा बोलत होते तोवर तो सायकलच्या कुलपाची किल्ली बोटांत फिरवत होता. फुटाळ्याचा विषय निघाला तशी किल्ली थांबली.

"हे दोघं रोज बाहेर जाऊन राहिले, त्याचं काही नाही," तो म्हणाला. "मी एक दिवस गेलो तर एवढं काऊन?"

बाबांचं उत्तर तयार होतं. आम्ही कामाला जातो, तू टाईमपासला जातो.

या एका वाक्यापाशी बहुतेक घरं अडतात. आपण धोका मोजतो असं आपल्याला वाटतं. मोजत असतो ती त्या कामाची प्रतिष्ठा. नोकरी गरजेची, शिकवणी गरजेची, नात्यातलं लग्न पन्नास माणसांत का होईना करावंच लागतं. मित्र मात्र फुकटचे. म्हणून ज्या गोष्टीला आपल्या लेखी किंमत नाही ती आपल्याला आपोआप जास्त धोक्याची दिसू लागते.

मी एक कोरा कागद आडवा ठेवला आणि तिघांनाही आपला मागचा आठवडा लिहायला सांगितला. कुठे गेलो, सोबत किती जण, किती वेळ, जागा उघडी की बंद, मास्क निघाला का. बाकी काही नाही. चांगलं-वाईट, गरजेचं-बिनगरजेचं लिहायचं नाही.

आईचा रकाना लवकर भरला. काउंटरवर दिवसभर मास्क, समोर प्लास्टिकचा पडदा, दार उघडं. बाबा लिहिता लिहिता थबकले. दुपारचा डबा ते पाच सहकाऱ्यांसोबत खात. एसी केबिन, अर्धा तास, अर्थातच मास्क काढून, एकमेकांच्या डब्यातली भाजी घेत, गप्पा मारत. आठवड्यातून सहा दिवस.

मुलाने फुटाळा प्रामाणिकपणे लिहिला: पाच जण, तलावाच्या काठावर, वाऱ्यात, पाऊण तास, मास्क हनुवटीवर. त्याखाली त्याने आणखी एक ओळ लिहिली आणि कागद माझ्याकडे न देता आईकडे सरकवला. शिकवणी. सरांच्या घरचा समोरचा हॉल, आठ मुलं, दीड तास, आठवड्यातून तीनदा. खिडक्या बंद, कारण तेव्हा असे वर्ग भरवायचे की नाही याचीच खात्री नसल्यामुळे आवाज शेजारी जाऊ नये अशी सरांची ताकीद.

"पण ते शिक्षण आहे ना जी," आई म्हणाली. म्हणताना तिचाच आवाज खाली आला.

बंद हॉलमध्ये आठ जण दीड तास बसतात, तेव्हा तिथे भूमिती चालली आहे की कोणाचा वाढदिवस, याने हवेत काही बदलत नाही. करोनाचा विषाणू श्वासातून, बोलण्यातून सुटणाऱ्या बारीक कणांवरून पसरतो. उघड्यावर ते कण पांगतात, बंद खोलीत साचत जातात. माणसं जितकी जास्त, वेळ जितका जास्त, आवाज जितका मोठा, तितकं ते साचणं वाढतं. शिवाय लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो, त्यामुळे 'आमच्या ओळखीची चांगली घरची मुलं आहेत' याचा काही उपयोग नसतो. या हिशेबाने त्या कागदावरच्या सगळ्यात धोक्याच्या दोन जागा होत्या, बाबांची केबिन आणि शिकवणी. फुटाळा तळाशी होता.

नागपूरकरांसाठी एक जाता जाता. आपला खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ओढतो आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवल्याशिवाय धड चालतच नाही, त्यामुळे खोलीतली हवा सतत बदलते. साधा घरगुती एसी तीच हवा थंड करून फिरवत राहतो. उन्हाळ्यात ज्या घरी पोरं कूलरपुढे बसत होती त्या आयांना मी फारसं काही बोलले नाही. पावसाळ्यात उकाडा सुरू झाला, कूलरने अंग चिकट व्हायला लागलं आणि घरोघरी दारं लावून एसी सुरू झाले, तेव्हा बोलू लागले.

कागद झाला, पण खरी गोष्ट त्यानंतर निघाली. मी मुलाला सहज विचारलं, फुटाळ्यावरून आल्यावर काही त्रास झाला होता का? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, घसा दुखत होता. दोन दिवस.

आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाले असते, पाहा, गेला ना बाहेर, भोग आता. मग कायमचंच बंद."

त्या दोन्ही संध्याकाळी तो नेहमीसारखा आजीच्या पुढ्यात बसला होता आणि आजी त्याच्या डोक्याला तेल लावून देत होती. हे त्याने स्वतःच सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा रडला. त्याला सगळं कळत होतं. आजीला काय होऊ शकतं हे त्या वर्षी नागपुरातल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नव्हतं. याच मुलाचा मामा एप्रिलमध्ये गेला होता. बेड मिळवण्यासाठी रात्रभर फोन लावणाऱ्या आईच्या शेजारी हाच बसून होता, नंबर वाचून दाखवत. (मुलाची करोनाची तपासणी त्याच दिवशी मनपाच्या केंद्रावर करून घेतली. निगेटिव्ह आली.)

आईबापांना मी इथे जरा स्पष्ट सांगते. तुमचा नियम कडक आहे की सैल, याआधी बघायचं ते हे की त्या नियमाखाली मूल तुम्हाला खरं सांगू शकतं का. घसा दुखला, मित्राच्या घरी कोणी पॉझिटिव्ह निघालं, मास्क काढला होता, हे त्याच दिवशी कळलं तर आजीची खोली वेगळी करता येते, तपासणी होते. चार दिवसांनी कळलं तर सगळं संपलेलं असतं. सरसकट 'नाही' म्हटल्याने मूल घरात राहतंच असं नाही, पण कुठे जातं ते तुम्हाला कळेनासं होतं. या वयात मित्र ही चैन नसते. आपण कोण आहोत हे ही मुलं एकमेकांच्या तोंडावर बघून ठरवत असतात, ते काम आईशी गप्पा मारून होत नाही आणि स्क्रीनवर अर्धवटच होतं.

म्हणून काय नेहमी 'जा' म्हणायचं? नाही. एप्रिल २०२१ मध्ये मला कोणी विचारलं असतं तर मी सरळ घरी बसा म्हटलं असतं, आणि म्हणत होतेच. शहरात रुग्ण किती वेगाने वाढताहेत, रुग्णालयात जागा आहे का, यावर उत्तर बदलतं. घरात कोण आहे यावर तर फारच बदलतं. किमोथेरपी चालू असलेलं, डायलिसिसवरचं माणूस असेल, किंवा आपल्या विदर्भात अनेक घरांत असतो तसा सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा रुग्ण असेल, तर सावधगिरीचा उंबरठा वर न्यावाच लागतो. मात्र तो सगळ्यांसाठी वर न्यायचा, बाबांच्या डब्यासकट.

आणखी एक, या घराशी संबंध नसलेलं. काही घरांत भाऊ खेळायला जात होता आणि बहिणीला मात्र करोनामुळे मैत्रिणीकडे जायला बंदी होती. तिथे प्रश्न करोनाचा नव्हताच, आणि मी तसं तोंडावर सांगितलं आहे.

पुढच्या भेटीत मुलगाच प्रस्ताव घेऊन आला. मोबाईल परत मिळाला होता, त्यात टाईप करून आणला होता. तेच चार मित्र, रोज नवे नाहीत. सकाळी सहा ते साडेसात मैदानावर क्रिकेट, सायकलने जायचं, पाण्याची बाटली ज्याची त्याची. बसून गप्पा मारायच्या तर मास्क वर. चौघांपैकी कोणाच्याही घरी ताप-खोकला आला तर ग्रुपवर टाकायचं आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत त्याने यायचं नाही, कोणी चिडवायचं नाही. आजीचा दुसरा डोस होऊन दोन आठवडे जाईपर्यंत तेल लावणं अंगणात, दोघांनी मास्क लावून. हे शेवटचं वाचताना तो थोडा लाजला.

बाबांनी एकच सुधारणा सुचवली, साडेसातऐवजी सात. ती मान्य झाली नाही.

आईबापांच्या बाजूने एक कलम मी घालायला लावलं: घसा दुखतो असं त्याने सांगितलं तर त्या दिवशी 'मी म्हटलं होतं ना' हे वाक्य घरात कोणी उच्चारायचं नाही. ऐकायला क्षुल्लक वाटतं. बाबांना तेच सगळ्यात जड गेलं.

वाढदिवसाचा तंटा आठवड्याभरातच उभा राहिला. एका मित्राकडे बोलावणं, बारा मुलं, एसी हॉल, केक, मेणबत्त्या फुंकणं. इथे आई 'नाही' म्हणाली आणि मलाही ते पटलं. पण आता कारण सांगता येत होतं आणि पर्याय देता येत होता. मुलाने मित्राच्या आईला फोन करून विचारलं, गच्चीवर घेता का? घेतला. ऐनवेळी पाऊस आला आणि सगळे जिन्यात कोंबले गेले, हेही त्याने रात्री घरी येऊन सांगितलं. आईने दुसऱ्या दिवशी मला फोन केला तो जिन्याची काळजी म्हणून, पण त्याने आपणहून सांगितलं हे ती दोनदा बोलली. पुढचे काही दिवस त्याने जेवण वेगळं घेतलं, आजीपासून लांब राहिला. कोणी सांगावं लागलं नाही.

शिकवणीवर मात्र घासाघीस झाली. आईला ती सोडवेना. शेवटी सरांना खिडक्या उघडायची आणि चार-चारच्या दोन बॅच करायची विनंती चौघांच्या पालकांनी मिळून केली. सर आधी कुरकुरले, मग तयार झाले. आईची खरी भीती भावाच्या जाण्यातून आलेली होती, त्यावर आम्ही पुढे बरेच महिने स्वतंत्रपणे बोलत होतो. क्रिकेटच्या वेळापत्रकाने ती जाणार नव्हती.

आजीचा दुसरा डोस जुलैत झाला. ३ जानेवारी २०२२ ला पंधरा ते अठरा वयोगटाचं लसीकरण सुरू झालं तेव्हा चौघं पोरं एकत्रच जाऊन कोवॅक्सिन घेऊन आली. आणि त्याच महिन्यात ओमायक्रॉनच्या लाटेत करोना या घरात शिरला. सगळ्यांना सौम्य झाला, आजीला दोन दिवस ताप येऊन उतरला. पहिला घसा बाबांचा दुखला होता. थंडीमुळे डबा पुन्हा केबिनमध्ये गेला होता. त्यांनी मात्र ते एक दिवस लपवलं.

आईने फोनवर हे हसत हसत सांगितलं. आजीने म्हणे सगळ्यांसमोर विचारलं, "पोट्ट्याचा मोबाईल घेतला होता ना बाप्पा, आता याचा कोण घेते?"