किनाऱ्यावरच्या वाडीचे प्रश्न: बंधारा, हायमास्ट आणि खारी झालेली विहीर

मागच्या वेळी लिहिलं होतं की वाडीतल्या कामांबद्दल, मंडळाबद्दल काही अडलं असेल तर कळवा. खूप पत्रं आलीत, बहुतेक रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून. त्यातली चार घेतेय, बाकीची पुढे घेईन नक्की.

प्रश्न: आमची वाडी दापोली तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. गेल्या तीन पावसाळ्यांत आगराच्या (माडांच्या बागेच्या) कडेचे सात माड गेले. शेजारच्या होमस्टेवाल्यांनी स्वतःच्या खर्चाने समोर दगड टाकून घेतलेत. आता मंडळातली मुलं म्हणतायत आपणही वर्गणी काढून दगड टाकूया, सरकारी बंधाऱ्याची वाट बघत बसलो तर घरं जातील. काय करावं?

उत्तर: दादा, सात माड म्हणजे काय ते मला कळतं. माझ्या आजोळच्या आगरातले चार असेच गेले, आधी मुळं उघडी पडतात, मग माड हळूहळू समुद्राकडे कलत जातो आणि एका उधाणाच्या रात्रीनंतर सकाळी बघावं तर आडवा पडलेला, शहाळ्यांसकट. तरीही सांगते, वर्गणीचे दगड टाकू नका.

लाट पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, चढत येते तेव्हा दमते, थोडी वाळूत जिरते. समोर दगडांची उभी भिंत असली की ती जिरायची राहते, आपटून मागे फिरते आणि जाताना भिंतीच्या पायथ्याची वाळू ओढून नेते, त्यामुळे पुढची पुळण खाली बसते. आणि भिंत जिथे संपते तिथे लाट वळून बाजूच्या जमिनीत घुसते. आजोळी हेच झालं, एकाने आपल्यापुरते दगड टाकले आणि ज्याच्या आगराला तोवर काही झालं नव्हतं त्याचं कुंपण पुढच्याच पावसाळ्यात गेलं, दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे. तुमच्याकडेही शेजारचे दगड पडल्यानंतर धूप वाढली का, हे वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना बरोबर आठवत असतं.

दुसरं म्हणजे कायदा. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गावांसाठी भरतीरेषेपासून 200 मीटरचा ना-विकास पट्टा आहे (खूप दाट वस्तीच्या गावांना 50 मीटर), आणि धूप थांबवायच्या कामाला परवानगी मिळते पण ती रीतसर घ्यावी लागते, त्यासाठी महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आहे. नीट बांधलेल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला उतार असतो, खाली बारीक खडीचा थर असतो, पायथ्याला मोठे दगड पुरलेले असतात. ट्रकने आणून ओतलेल्या दगडांत यातलं काहीच नसतं.

मग तोवर करायचं काय? मोजायचं. पावसाळ्यात वाळू आत समुद्रात ओढली जाते आणि हिवाळ्यात बरीचशी परत येते, त्यामुळे श्रावणात बघून घाबरू नका आणि माघात बघून निर्धास्त होऊ नका. देवळाची पायरी किंवा विहिरीचा कठडा, असं न हलणारं काहीतरी धरा, तिथून सुंभाची दोरी सरळ भरतीच्या ओल्या रेषेपर्यंत ताणा, दर मीटरला गाठ मारलेली असू दे, आणि दर पौर्णिमेला अंतर वहीत लिहा, त्याच जागेवरून फोटो काढा. तिथी तीच ठेवायची कारण उधाणाचं (अमावस्या-पौर्णिमेचं मोठं) पाणी आणि भांगाचं (अष्टमीच्या सुमाराचं लहान) पाणी यात खूप फरक असतो. भरतीची वेळ जुनी माणसं कशी काढतात माहीत असेलच, तिथीला तीनाने गुणून चाराने भागायचं, म्हणजे अष्टमीला साधारण सहा आणि पौर्णिमेला सव्वाअकरा. एका वर्षाची अशी वही घेऊन तुम्ही पत्तन विभागाच्या (बंदरं आणि किनाऱ्याची कामं बघणाऱ्या सरकारी खात्याच्या) इंजिनिअरसमोर बसलात की तो तुमच्याशी वेगळं बोलेल, कारण नुसत्या निवेदनांचा ढीग त्याच्याकडे आधीच असतो.

आणि पुळणीवरची मर्यादवेल उपटू देऊ नका. टुरिस्टना बीच साफ दिसावा म्हणून ती काढतात, मला फार वाईट वाटतं बघून, कारण वाळू धरून ठेवायचं काम तीच करते. ती आणि केवडा. जीपगाड्या पुळणीवर उतरतात तिथे चार खांब रोवा, आणि वाडीतलं कोणी बांधकामाला वाळू नेत असेल तर ते आधी थांबवा, बाहेरच्यांना सांगायच्या आधी.

प्रश्न: आमच्या गावात गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात तेव्हा मुंबई मंडळाची (मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाची) बैठक होते आणि गावातली कामं तिथेच ठरतात, साकव (ओढ्यावरचा लहान पूल) कुठे, पाखाडी (दगडी पायवाट) कोणाच्या दारातून, सगळं. ग्रामसभेला मात्र वीस माणसं जमतात आणि कोरम नाही म्हणून उठतात. आम्ही बायका बारा महिने गावात राहतो, आम्हाला कोणी विचारत नाही.

उत्तर: ताई, मुंबई मंडळांनी कोकणात शाळा उभ्या केल्या, देवळं बांधली, आजारपणात ॲम्ब्युलन्सचे पैसे पाठवले, ते कोणी नाकारत नाही. पण पंचायतीच्या पैशातलं काम ग्रामसभेत ठरतं, आणि ग्रामसभेचा सदस्य तोच ज्याचं नाव गावच्या मतदारयादीत आहे. ज्यांनी नाव मुंबईत नेलंय त्यांनी सल्ला जरूर द्यावा, पण तिथे मत देता येत नाही.

कोरमचं, म्हणजे किमान हजेरीचं, म्हणाल तर मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. आणि कोरमअभावी तहकूब झालेली सभा परत बोलावली की तिला कोरम लागतच नाही, हे पुष्कळ गावांत लोकांना माहीत नसतं, सभा तहकूब झाली म्हणजे संपलं असं समजून लोक घरी जातात आणि मग त्या दुसऱ्या सभेला पाच-सहा जण बसून ठराव करून मोकळे होतात. म्हणून तारीख विचारून ठेवा. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ती तुमची जागा आहे. साकव कुठे हवा हे तिथे बोला, इतिवृत्तात लिहून घ्या, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) लिहीत असतील तेव्हा शेजारी बसून वाचून घ्या, आणि सही करायच्या आधी कोरी जागा राहिली नाही ना बघा. प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी 10 रुपये, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न: मी मासे विकते, गुहागर तालुका. पहाटे होड्या लागतात तेव्हा काळोखात डोक्यावर पाटी घेऊन पुळणीवरून चालावं लागतं, दोनदा पडले. आमदार निधीतून हायमास्ट (उंच खांबावरचा मोठा दिवा) मिळतोय, पण गावातली कासवं राखणारी मुलं विरोध करतायत. माणसापेक्षा कासव मोठं का?

उत्तर: नाही ताई, तुमचं पडणं अजिबात लहान नाही, आणि त्या मुलांनी आधी तुमच्याबरोबर एक पहाट चालायला हवं होतं असं मला वाटतं. पण त्यांचं म्हणणंही खरं आहे. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालायला वर येते आणि झगमगाट असलेला किनारा टाळते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर आली की ती उजेडाच्या दिशेने धावतात, रात्री उघड्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ समुद्राचं क्षितिजच असतं म्हणून. हायमास्ट लागला की ती उलटी वाडीकडे येतात, कुत्र्यांच्या आणि कावळ्यांच्या तोंडात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर गावाने अंडी राखली आणि आज लोक पिल्लं बघायला येतात, घराघरात राहतात, जेवतात, पैसा गावातच राहतो.

तुम्हाला उजेड हवाय पायाखाली. हायमास्ट वरून अख्ख्या पुळणीवर उजेड टाकतो आणि तुमच्या पाटीची सावली नेमकी तुमच्याच पायात पडते, कोणत्याही मोठ्या दिव्याखाली पाटी घेऊन उभ्या राहून बघा. तेव्हा मागणी अशी करा: होड्या लागतात तिथपासून पाखाडीपर्यंत कमरेएवढे खांब, पिवळे दिवे, वरून झाकण म्हणजे उजेड खालीच पडेल, आणि स्विच तुमच्या हातात, होड्या लागायच्या वेळी लावायचे, पाट्या वर गेल्या की बंद. शिवाय जिथे पडलात तिथे चिऱ्याचा उतार बांधून मागा. अर्जावर तुमची आणि त्या मुलांची सही एकत्र असू दे, मग नाही म्हणायला कोणाला जड जाईल.

प्रश्न: मालवण तालुका. वाडीची विहीर पिढ्यान्पिढ्या गोड होती, आता मार्चपासूनच पाणी मचूळ लागतं. जवळच दोन रिसॉर्टच्या बोअरवेल झाल्यात. विहीर खोल करावी का?

उत्तर: नको, खोल अजिबात करू नका! किनाऱ्यावर गोडं पाणी जमिनीत खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, हलकं असतं म्हणून. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल तर खाली साधारण 40 फूट गोडं पाणी असतं, हा ढोबळ हिशोब. म्हणजे वरचं पाणी फूटभर उतरलं की खालून खारं 40 फूट वर यायला बघतं. बोअरला मोठा पंप लावून तासन् तास उपसा केला की हेच होतं, आणि विहीर खोल करणं म्हणजे आपणच खाऱ्या पाण्याच्या जवळ जाणं.

रिसॉर्टवाल्यांशी भांडायच्या आधी आकडे जमवा. साधं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) मंडळाने घ्यावं, सकाळी पहिली कळशी भरायच्या आधी एकदा आणि संध्याकाळी उपसा झाल्यावर एकदा. रात्रभर पंप बंद असताना सकाळचा आकडा उतरत असेल तर उपशाचाच परिणाम दिसतोय, मग त्यांनाही दाखवा, तेही तेच पाणी पाहुण्यांना देतात, खारं झालं तर त्यांचाही धंदा जाणार आहे. लहान पंप, थोडा थोडा वेळ, मध्ये विश्रांती, एवढं त्यांनी मान्य केलं तरी खूप फरक पडू शकतो.

बाकी पाऊस आपल्याकडे कमी नाही. 1000 चौरस फुटांच्या कौलारू छपरावर 3000 मिलिमीटर पावसाचे सुमारे पावणेतीन लाख लिटर होतात, आणि ते सगळं पऱ्यातून (ओढ्यातून) समुद्रात जातं. विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्डे घ्या, पन्हळीचं पाणी गाळून त्यात सोडा, पहिल्या पावसाचं घाण पाणी मात्र वाहू द्या. पैशाचं म्हणाल तर 15 व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या निधीत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती आणि त्यात पावसाचं पाणी साठवणंही बसत होतं, तेव्हा पंचायतीने ती कशावर खर्च केली ते विचारा आणि पुढच्या विकास आराखड्यात हे काम नावानिशी घालून घ्या.

मीटरचे आकडे विहिरीच्या कठड्यावर खडूने लिहा, रोज. पाणी भरायला येणारी प्रत्येक बाई वाचेल.