दोन वर्षांची मुलगी कानाचं मशीन लावलं की पाच मिनिटांत ओढून काढते. सासूबाई म्हणतात मोठी झाल्यावर लावू. काय करावं?

ताई, मोठी होईपर्यंत थांबू नका. बोलणं शिकायची वर्षं हीच आहेत.

आम्ही चोपड्याकडचे. मुलगा 14 महिन्यांचा असताना बेरा टेस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी झाली. तोवर घरात एकच पालुपद, "याना बाप बी उशीरच बोलना व्हता." दोन्ही कानांना मशीन लागलं आणि मे महिन्यात साहेबांनी ते भिरकवायला सुरुवात केली. मी महिनाभर त्याला हट्टी म्हणत राहिले. एका दुपारी लाईट गेली, कूलर बंद पडला, आणि पोरगं मशीन लावून अर्धा तास डबे मांडत बसलं! आमचा पत्र्याचा कूलर दिवसभर घरघरतो. मशीन आईचा आवाज वाढवतं, तसा त्या कूलरचाही वाढवतंच ना.

मग मी सकाळी, कूलर लावायच्या आत, स्वयंपाकघरात मशीन लावू लागले. आधी दहा मिनिटं, मग वाढवत वाढवत जागेपणीचा सगळा वेळ. कळण्याची भाकरी थापताना तो पहिल्यांदा आवाजाकडे वळला. मी हात थांबवला की माझ्याकडे बघायचा, पुन्हा थापलं की हसायचा. त्या दिवशी भाकरी करपली.

मशीनचा कानात बसणारा साचाही नीट बघा. कानामागे लाल झालंय का? शिट्टी वाजते का? मुलांचा कान वाढतो आणि साचा सैल पडतो. आमचा पहिल्या वर्षात तीनदा बदलला. भांडं पडल्यावर दचकून रडत असेल तर ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाला सांगा, आवाजाची सेटिंग बदलून मिळते. हे तपासल्याशिवाय मुलीला रागावू नका.

रोज सकाळी तिच्या पाठीमागून, तोंड न दाखवता आ, ई, ऊ, म, श, स म्हणून बघा. नेहमी वळणारी मुलगी एखाद्या आवाजाला वळली नाही, तर आधी बॅटरी बदला. आपल्याकडच्या उन्हात घामानं मशीन लवकर बिघडतं, म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. बॅटरीच्या झाकणाला लॉक हवंच. तिनं बॅटरी गिळली तर घरी काही करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आणि दोरीची क्लिप घ्या, फ्रॉकला मागून लावायची. आम्ही घेतली ती उशिरा, एक मशीन गव्हाच्या कोठीत सापडल्यावर.