खुब्याचे हाड मोडल्यावर : स्क्रू, गोळा आणि वेळ

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. न्हाणीघरात घसरून पडल्यावर त्याच दिवशी काढलेल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, म्हणून वेदनाशामक गोळ्या देऊन त्यांना घरी पाठवले. भिंतीला धरून त्या चालत होत्या, पण जांघेत दुखते आणि कळ गुडघ्यापर्यंत जाते, असे सांगत होत्या. आठवड्याने पलंगावरून उठताना पाय टेकवेनासा झाला. आता खुब्याचे हाड मोडून सरकले आहे आणि डॉक्टर अर्धा सांधा बदलायला सांगत आहेत. हाड जोडण्याऐवजी काढून का टाकायचे? नातेवाईक म्हणतात की या वयात शस्त्रक्रिया झेपणार नाही, पायाला वजन लावून सहा आठवडे झोपवून ठेवावे. — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : शस्त्रक्रिया करून घ्यावी, आणि ती लांबवू नये.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. गोळा आणि खालचे सरळ हाड यांना जोडणारा अरुंद भाग म्हणजे या हाडाची मान, आणि सासूबाईंचे हाड तिथेच मोडले आहे. गोळ्याला मिळणारे बहुतेक रक्त या मानेला चिकटून खालून वर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून येते. हाड जागेवरून सरकले की या वाहिन्या ताणल्या किंवा तुटल्या जातात, गोळ्याचे पोषण थांबते, आणि वरून स्क्रू कितीही नीट बसवले तरी उतारवयात हाड न जुळण्याची किंवा पुढे गोळा निर्जीव होऊन खचण्याची शक्यता मोठी राहते. तसे झाले तर त्याच वृद्ध व्यक्तीला दुसऱ्यांदा मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. म्हणून सरकलेल्या हाडासाठी या वयात गोळाच बदलतात; यालाच अर्धा सांधा बदलणे म्हणतात.

पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, याचे कारणही समजून घ्यावे. सुरुवातीला बहुधा बारीक भेग असावी किंवा हाडाची टोके एकमेकांत रुतून बसलेली असावीत. अशा वेळी रुग्ण चालू शकतो, पाय आखूडही होत नाही आणि बाहेरच्या बाजूला वळतही नाही. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संवेदना काही अंशी एकाच मज्जातंतूंतून जातात, म्हणून कळ गुडघ्यात जाणवते. आणि मग गुडघ्याचाच एक्स-रे काढला जातो, हे मला वारंवार दिसते. खुब्याचा एक्स-रे पाय सुमारे १५ अंश आत वळवून घेतला, तर मान पूर्ण लांबीने दिसते. त्याबरोबर बाजूचाही काढायचा असतो. तरीही काही दिसले नाही आणि पडलेल्या वृद्ध माणसाची जांघ दुखतच राहिली, तर एमआरआय करावा. तो उपलब्ध नसेल तर सीटी स्कॅन करावा. हाड सरकण्यापूर्वी निदान झाले, तर बहुतेकदा लहान छेदांतून घातलेल्या स्क्रूंवर भागते. यात घरच्यांना दोष देता येत नाही. पण 'एक्स-रे चांगला आहे' एवढ्यावर दुखण्याची चौकशी थांबायला नको होती.

नातेवाइकांची भीती मला समजते, परंतु या वयात सहा आठवडे अंथरुणावर पडून राहणे हेच अधिक धोक्याचे आहे. त्यात पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, भ्रम होतो, आणि एवढे सोसूनही सरकलेले हाड जुळत नाही. वजन लावल्याने वेदना कमी होतात, असेही अभ्यासांत आढळलेले नाही. उशीने आधार देऊन योग्य वेदनाशामक द्यावे. हाडवैदाकडे नेऊन पाय ओढून घेऊ नये, ही कळकळीची विनंती. रक्तदाब व साखर आटोक्यात आणायला बहुधा काही तास, फार तर एखादा दिवस पुरतो. १७ देशांतील २,९७० रुग्णांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निदानानंतर काही तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूंचे प्रमाण घटले नाही, पण भ्रम व मूत्रमार्गाचा संसर्ग कमी झाला आणि रुग्ण लवकर उभे राहिले. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनाही दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करा, असेच सांगतात.

राहिला अर्धा की पूर्ण सांध्याचा प्रश्न. घरात आणि अंगणापुरते चालणाऱ्या व्यक्तीला अर्धा सांधा पुरतो. शेतावर रोज चालत जाणाऱ्या, बुद्धी तल्लख असणाऱ्या किंवा मुळातच सांधा झिजलेल्या व्यक्तीसाठी पूर्ण सांध्याचा, म्हणजे गोळ्याबरोबर वाटीही बदलण्याचा, विचार करावा. ठिसूळ हाडात सिमेंट वापरून बसवलेला सांधा अधिक भरवशाचा असतो. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन उभे करतात. घरी कमोडची सोय करावी आणि मांडी घालून किंवा उकिडवे बसणे टाळावे. खर्चाची चिंता असेल, तर रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल चौकशी करावी.

प्रश्न : माझ्या ३४ वर्षांच्या पतींना मोटारसायकलच्या अपघातात हीच इजा झाली व तातडीने स्क्रू घातले. आता ते नीट चालतात, तरी दोन वर्षे तपासणीला का बोलावतात? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तरुण वयात स्वतःचा गोळा वाचवणे हेच उद्दिष्ट असते, म्हणून हाड लवकर आणि अचूक जागेवर आणतात. रक्तपुरवठा तुटल्याचा गोळ्यावरील परिणाम मात्र महिन्यांनी, कधी दोन वर्षांनीही दिसतो. तोवर जांघेत नव्याने दुखू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. तंबाखू व धूम्रपान पूर्ण बंद असावे, कारण त्यांनी हाड जुळण्यास विलंब होतो.

प्रश्न : आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. पुढे कॅल्शियमच्या गोळ्या पुरेत का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : पुरेशा नाहीत. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडणे हाच हाडे ठिसूळ झाल्याचा पुरावा आहे. त्यावर उपचार केला नाही, तर दुसरा खुबा किंवा मणका मोडू शकतो. झोलेड्रोनिक अॅसिडचे ५ मिलिग्रॅमचे वर्षातून एकदा दिले जाणारे सलाइन खुबा मोडलेल्या रुग्णांना दिल्यावर नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी कमी झाले, असे २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. ते देण्यापूर्वी ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढावी, मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासावे, आणि दात काढायचा असेल तर तो आधी काढून घ्यावा. मूत्रपिंडे कमजोर असतील, तर दुसरे औषध निवडावे लागते.