वाचक विचारतात : पाप, पापनिवेदन आणि भरपाई

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ (लेंट) जवळ आला की पापाविषयीची पत्रे वाढतात. यंदाच्या पत्रांत एक गोष्ट ठळक दिसली. जे पापच नाही त्याच्या धास्तीने कितीतरी माणसे झुरत आहेत, आणि जिथे खरोखर कोणाचे नुकसान झाले आहे तिथे पुढे काय करायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. म्हणून यावेळी उत्तरे तपशिलात देत आहोत. ती कॅथोलिक शिकवणीनुसार आहेत. इतर पंथांचे म्हणणे वेगळे आहे तिथे तसे सांगितले आहे.

आमच्या शेजारी एका महिन्याच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे. पाप धुऊन निघावे म्हणून, असे ते सांगतात. एवढ्याशा बाळाने कसले पाप केले? — एक वाचक, पुणे

काहीही केलेले नाही, आणि चर्चही तसे म्हणत नाही. बाळाच्या बाबतीत जे 'मूळ पाप' म्हणतात ते त्याचे कृत्य नव्हे. ज्या अवस्थेत माणूस जन्माला येतो तिचे ते नाव आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा देवावर अविश्वास दाखवतात, त्याच्यापासून लपतात आणि लगेच दोष दुसऱ्यावर ढकलतात. देवाशी आणि एकमेकांशी तुटलेल्या या नात्यातच आपण सगळे जन्म घेतो. कर्जबाजारी घरात जन्मलेल्या मुलाने कर्ज काढलेले नसते, तरी ते त्या घरातच वाढते, तसे हे आहे.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलॅगियस नावाच्या तपस्व्याचे म्हणणे असे होते की आदामाने फक्त वाईट उदाहरण घालून दिले, मनात आणले तर माणूस स्वबळावर निष्पाप राहू शकतो. संत ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ते मत फेटाळले. पुढे १५४६ साली ट्रेंटच्या धर्मसभेने आणखी एक मुद्दा पक्का केला : बाप्तिस्म्याने मूळ पाप जाते, वाईटाकडचा ओढा मात्र राहतो, आणि तो ओढा हे स्वतः पाप नाही. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरचे मत याच्या उलट होते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आदामाचा दोष वारशाने येतो असे म्हणत नाहीत. मृत्यू आणि दुर्बलता वारशाने येते, एवढेच त्या मानतात.

बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळांची चिंता करणारे आईबाप आजही भेटतात. अशी बाळे 'लिंबो' नावाच्या ठिकाणी जातात ही पूर्वी सर्रास सांगितली जाणारी कल्पना कधीच चर्चचा श्रद्धासिद्धान्त नव्हती. व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने २००७ साली अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम आधार आहे असे स्पष्ट म्हटले. पतनाची ही कथा मराठी ओवीत वाचायची असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या, १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणातले 'पहिले पुराण' जरूर वाचा.

मी नर्स आहे. महिन्यातून दोन रविवार दिवसपाळी असते, मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकते. दर वेळी कन्फेशनमध्ये (फादरांपुढच्या पापनिवेदनात) सांगते. हे मोठे पाप आहे का? — एक वाचिका, मुंबई

नाही. रुग्णसेवेत असताना रविवारच्या मिस्सेचे बंधन तुमच्यावर नसते. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पुरे होते, तेव्हा जमेल त्या आठवड्यात ती साधा. पाळी दुपारी दोनला सुटली, संध्याकाळची मिस्सा जवळच होती, अंगात त्राणही होते आणि केवळ कंटाळा केला, तर गोष्ट वेगळी.

एखादे पाप 'मारक', म्हणजे देवाशी नाते तोडणारे, ठरायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात. कृत्य गंभीर असले पाहिजे, ते गंभीर आहे हे करणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे आणि ते त्याने स्वखुशीने केलेले असले पाहिजे. यातली एकही बाजू लंगडी असेल तर ते मारक पाप होत नाही. भीती, दडपण, अज्ञान, हाडीमासी खिळलेली सवय, मनाचा आजार यांनी जबाबदारी कमी होते, कधी उरतच नाही. आत्महत्येने गेलेल्या माणसाबद्दल बोलताना तर हे विसरूच नये.

तुमची ड्युटी पाप म्हणून सांगणे आता थांबवा.

वीस वर्षांनी पापनिवेदन करायचे आहे. विधी आठवत नाही, लाजही वाटते. — एक वाचक, वसई

आधी वेळ ठरवा. शनिवारी मिस्सेआधी रांग असते. मागे चार माणसे उभी असताना वीस वर्षांचे सांगणे जड जाते. फादरांना फोन करून अर्धा तास मागून घ्या. आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) संकोच वाटत असेल तर दुसऱ्या चर्चमध्ये जायला पूर्ण मुभा आहे. जाळीमागून बोलायचे की समोर बसून, हेही तुम्हीच ठरवायचे.

आदल्या दिवशी निवांत बसून दहा आज्ञा एकेक करून समोर ठेवा. केलेल्या गोष्टी चटकन आठवतात, न केलेल्या सुटतात : आजारी आईकडे फिरकलो नाही, कामगाराचा पगार अडवून ठेवला, खोटे ऐकूनही गप्प बसलो. चांगले काय ते कळत असून न करणे हेही पाप, असे याकोबाच्या पत्रात (४:१७) लिहिले आहे. कागदावर टिपून नेले तरी चालते, नंतर तो फाडून टाका.

आत गेल्यावर क्रुसाची खूण करा आणि शेवटचे पापनिवेदन केव्हा केले ते पहिल्याच वाक्यात सांगा. मग गंभीर पापे, प्रकार आणि संख्येसह. संख्या नेमकी आठवत नसेल तर अंदाज पुरे : 'चार-पाच वर्षे, महिन्यातून एखाद वेळा.' प्रसंगाचे वर्णन नको. दुसऱ्यांची नावे तर अजिबात नकोत. 'बायको अशी वागली म्हणून मी तसा वागलो' इथे बहुतेकांचे पापनिवेदन घसरते आणि दुसऱ्याच्या पापांची यादी होऊन बसते. फादर थोडे बोलतात, प्रायश्चित्त देतात, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणता (पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत), आणि ते पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पापक्षमा देतात.

गंभीर पाप विसरून राहिले तर त्याचीही क्षमा झालेली असते, आठवेल तेव्हा पुढच्या खेपेला सांगा. ते जाणूनबुजून लपवले तर मात्र ते पापनिवेदनच होत नाही. पुढच्या वेळी त्या लपवण्यासकट सगळे पुन्हा सांगावे लागते. दिलेले प्रायश्चित्त जमण्यासारखे नसेल तर तिथल्या तिथे बदलून मागा.

गुप्ततेची काळजी नको. ऐकलेले शब्दाने किंवा खुणेने फोडण्याची परवानगी धर्मगुरूला कोणत्याही कारणासाठी नाही. थेट फोडले तर तो त्याच क्षणी बहिष्कृत होतो, आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार फक्त रोमकडे आहे.

वडील वारल्यावर 'बँकेच्या कामाला सही हवी' असे सांगून मी बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली. बारा वर्षे झाली, वाडीचे उत्पन्न मीच घेतो. कन्फेशनमध्ये सांगितले, क्षमा मिळाली, चर्चच्या छपराला पन्नास हजार दिले. तरी मनाला चैन नाही. — एक वाचक, पालघर जिल्हा

चैन नाही हे योग्यच आहे. पापक्षमेने देवाशी नाते जुळते, पण बहिणीचा हिस्सा अजून तुमच्याच ताब्यात आहे. घेतलेले परत करण्याची खरी तयारी हा पश्चात्तापाचाच भाग असतो. ती तयारी नसताना नुसते सांगून मोकळे झाला असाल तर तेही फादरांना सांगायला हवे. जक्कय नावाच्या जकातदाराने येशूला घरी घेतले तेव्हा फसवून घेतलेले चौपट परत करीन असे जाहीर केले (लूक १९:८). छपराला दिलेले पन्नास हजार हे दान म्हणून चांगले, पण त्यातला एक रुपयाही बहिणीच्या हिशेबात धरता येत नाही. तिसऱ्याला देऊन भरपाई फक्त तेव्हाच होते, जेव्हा ज्याचे नुकसान झाले तो किंवा त्याचे वारस सापडतच नाहीत.

हिस्सा किती ते आधी पाहा. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती कुटुंबात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. वडिलांच्या मागे आई असेल तर एक तृतीयांश तिचा आणि उरलेले मुलांत समान. मग बारा वर्षांचे उत्पन्न. त्यातून मजुरी, खत, पाणीपट्टी आणि तुमच्या मेहनतीची रास्त मजुरी वजा करा; उरलेल्यातला बहिणीचा वाटाही तिचाच आहे. हे लोक हमखास विसरतात. जमीन परत दिली की झाले, असे त्यांना वाटते.

कागदाचे काम तोंडी मिटत नाही. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र 'मी सोडले' म्हटल्याने रद्द होत नाही. तुमच्या बाबतीत कोणता दस्त करायचा ते वकिलाला विचारा, दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी करा आणि तलाठ्याकडे फेरफार होऊन सातबाऱ्यावर तिचे नाव लागेपर्यंत पाठपुरावा करा. सगळी रक्कम एकदम देणे शक्य नसेल तर हप्ते ठरवा, पण लेखी. बहीण हयात नसेल तर देणे तिच्या वारसांचे.

पैसे चोरले असतील तर कोणी चोरले हे उघड न करता, अगदी फादरांच्या हातूनही, परत करता येतात. इथे तसे होणार नाही. जमीन आहे, तेव्हा सांगावेच लागेल. आणि आधी सगळे सांगा, मगच तिचे उत्तर घ्या. काय झाले ते न कळता ती 'राहू दे दादा' म्हणाली तर ते सोडणे खरे नव्हे. पुरते कळल्यावर तिने काही भाग सोडला, तर तेवढ्यापुरते तुम्ही मोकळे. भाचीच्या लग्नात दागिना घालून हे गुपचूप फेडण्याचा विचार डोक्यात असेल तर तो काढून टाका. दागिन्याचे ती आभार मानेल, आणि तुम्ही तिची दुसऱ्यांदा फसवणूक कराल.

आमच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. हे आईबापाच्या पापाचे फळ, असे नातेवाईक म्हणतात. एका प्रार्थनासभेत 'पिढ्यांचा शाप' काढून देतो असेही सांगितले. — एक आई, अहिल्यानगर

अगदी हाच प्रश्न शिष्यांनी येशूला विचारला होता : हा जन्मांध आहे तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? येशूचे उत्तर : याच्याही नाही, आईबापांच्याही नाही (योहान ९:३). शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असेही नाही, हे त्याने लूक १३ मध्ये सांगितले. बायबलमधल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांनी त्याचे दुःख त्याच्या पापाला चिकटवले, तेव्हा देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर.

सभेत बहुधा निर्गम २०:५ मधले तिसऱ्या-चौथ्या पिढीचे वचन ऐकवतात. त्यांना यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय उघडून दाखवा. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले ही म्हण यापुढे चालणार नाही, असे तिथे खुद्द देव म्हणतो; मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. शाप काढायला पैसे देऊ नका. मुलाची फिजिओथेरपी आणि औषधे कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. तुमचा यात काही अपराध नाही.

पापनिवेदन करून बाहेर आले की नीट सांगितले का अशी शंका येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. मिस्सेत घाणेरडे विचार येतात. — एक वाचिका, नाशिक

नको असताना मनात आलेला विचार पाप नाही. त्याची तुम्हाला किळस येते, यावरूनच तुमची त्याला संमती नाही हे दिसते. तुमचा त्रास चर्चला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. लोयोलाचे संत इग्नेशियस १५२२ साली मॅनरेसा इथे याच पेचात सापडले होते, तीच पापे पुन्हा पुन्हा सांगत होते.

एकच धर्मगुरू ठरवा आणि त्यांचे ऐका. उत्तर पटले नाही म्हणून दुसऱ्याकडे जाऊ नका. एकदा क्षमा मिळालेले पाप पुन्हा सांगू नका. 'मी संमती दिली का?' अशी शंका आली तर दिली नाही असे धरा. हा नियम तुमच्यासारख्यांसाठी आहे, निर्ढावलेल्यांसाठी नाही. प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणाव्या लागणे, हात धूत राहणे, यात रोज तासन्‌तास जाणे असेही होत असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. हा ओसीडीचा (मंत्रचळाच्या आजाराचा) प्रकार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. शंकेला उत्तर देत राहिल्याने ती वाढते, म्हणून घरच्यांनीही दर वेळी 'नाही गं, पाप नाही' असे समजावत बसू नये.

आम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट). आमच्याकडे कन्फेशन नाही, मग क्षमा कशी? — एक वाचक, नागपूर

तुमच्या उपासनेत सगळी मंडळी मिळून पापकबुली देते आणि पाळक क्षमेची घोषणा करतात. पाळकांशी खासगीत बोलायलाही मनाई नाही. ल्यूथरपंथीयांनी तर १५३० च्या 'ऑग्सबर्ग कबुली' या आपल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात खासगी पापक्षमा कायम ठेवली, फक्त प्रत्येक पाप मोजून सांगण्याची अट काढली. बहिणीच्या हिश्शाबद्दल वर जे लिहिले ते तुम्हालाही तितकेच लागू आहे.

जर्मनीत आहे. इथल्या फादरांची भाषा येत नाही. गावच्या फादरांकडे व्हिडिओ कॉलवर पापनिवेदन चालेल का? — एक वाचक

सल्ला घ्या, प्रार्थना करा. पापक्षमा मात्र तशी मिळत नाही. माणूस आणि धर्मगुरू एका ठिकाणी हजर असावे लागतात. पत्राने पापनिवेदन करण्याची कल्पना १६०२ सालीच नाकारली गेली होती. तुम्हाला दुभाषा घेण्याची परवानगी आहे, आणि गुप्ततेचे बंधन त्याच्यावरही असते. मोठ्या शहरांत इंग्रजी मिस्सा असतात, अनेक ठिकाणी भारतीय धर्मगुरूही काम करतात. तिथल्या धर्मप्रांताच्या कार्यालयात चौकशी करा.