टेबलावर पहिल्यांदा बसण्यापूर्वी

पणजीच्या धक्क्यावरून मांडवीतल्या कॅसिनो जहाजावर तुम्ही प्रथमच जाणार असाल, तर पहिला अर्धा तास एकही चिप (पैशांऐवजी लावायची चकती) न लावता केवळ टेबलांशेजारी उभे राहून पाहण्यात घालवावा. (गोव्यात डीलर पत्ते वाटतो अशी टेबले जहाजांवरच असतात, पंचतारांकित हॉटेलांत केवळ यंत्रांवरचे खेळ चालतात.)

रुलेटच्या (फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर थांबते यावर पैसे लावण्याच्या खेळाच्या) चाकावर शून्य एक आहे की दोन, हे आधी पाहून घ्यावे, कारण एका शून्याच्या चाकावर लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २.७० रुपये कॅसिनोकडे जातात आणि दोन शून्यांच्या चाकावर ५.२६ रुपये. आधीचे निकाल दाखवणाऱ्या फलकावर सलग सात वेळा लाल दिसले म्हणून आता काळे येणारच, या समजुतीपायी मी एका रात्रीची सगळी रक्कम घालवली होती. आठव्यांदाही लालच आले.

बॅकरामध्ये ('प्लेअर' आणि 'बँकर' या दोन बाजूंपैकी कोण जिंकेल यावर पैसे लावण्याच्या पत्त्यांच्या खेळात) 'टाय'च्या, म्हणजे बरोबरीच्या, मोठ्या भावाला भुलू नये, कारण तिथे कॅसिनोचा वाटा सुमारे १४ टक्के असतो, तर 'बँकर'वर तो जेमतेम १ टक्का. अंदर-बाहर आपण चवथीला घरी खेळतो तोच असला, तरी पहिला पत्ता ज्या बाजूला पडतो ती सुमारे ५१.५ टक्के वेळा जिंकते, आणि म्हणूनच त्या बाजूला बहुधा थोडे कमी पैसे मिळतात. ब्लॅकजॅकच्या (२१ च्या जवळ जाण्याच्या पत्त्यांच्या खेळाच्या) टेबलाच्या कापडावर, पहिल्या दोन पत्त्यांतच २१ झाल्यास मिळणारा भाव ३:२ छापलेला असेल तरच बसावे, ६:५ असेल तर कमी पैसे मिळतात, पुढे चालावे. नोटा मात्र डीलरच्या हातात देऊ नयेत. त्या टेबलावर ठेवायच्या असतात, म्हणजे तो कॅमेऱ्यासमोर पसरून मोजतो.